मनाचं ऐकणारा माणूस कसा घडतो?

पोलादपूर तालुक्यातलं उमरठ महाराष्ट्राला ठाऊक आहे ते तानाजी मालुसऱ्यांमुळे. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री कोंढाणा घेताना तानाजी पडले. त्यांचा देह वेल्ह्याकडून कोकणात उतरणाऱ्या ज्या वाटेने आणला, तिला त्यावरूनच मढे घाट हे नाव पडलं, असं आमच्या भागात सांगतात. उमरठला तानाजींची समाधी आहे, शेलारमामांची आहे. रायबाचं लग्न बाजूला ठेवून बाप मोहिमेवर गेला, ही गोष्ट शाळेतल्या प्रत्येक पोराला पाठ असते.

पोवाड्यांनी, व्याख्यानांनी आणि चित्रपटांनी ही गोष्ट पराक्रमाची म्हणून सांगितली आणि ती तशी आहेच. पण मढे घाट हे नाव पराक्रमाचं नाही, ते मयतीचं आहे. लग्नघरी मयत आली. महाराजांनी पुढे स्वतः लक्ष घालून रायबाचं लग्न लावलं अशी परंपरा आहे. म्हणजे त्या घराची काळजी लोकस्मृतीलाही वाटत होती. मात्र मांडवात उभ्या राहिलेल्या त्या मुलाच्या मनात काय चाललं होतं, ते कुणी विचारलं का, हे आपल्याला कळायला मार्ग नाही. इतिहास लढाईची तारीख ठेवतो, घरातलं मौन ठेवत नाही.

मी इतिहासावर लिहितो, मानसशास्त्रावर नाही. तरी आज हा विषय घेतोय, कारण सावित्रीच्या खोऱ्याने गेल्या वीस वर्षांत फार मयती पाहिल्या. जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यात दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते इथे दरडी कोसळल्या आणि दीडशेहून अधिक माणसं गेली. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला, त्याबरोबर एसटीच्या दोन गाड्या गेल्या. २४ ऑगस्ट २०२० ला महाडच्या काजळपुऱ्यातली पाच मजली इमारत कोसळून १६ जण दगावले. २२ जुलै २०२१ ला तळियेवर डोंगर आला, ऐंशीहून अधिक माणसं गाडली गेली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी इथेही दरडी आल्या. प्रत्येक वेळी यंत्रणा आल्या, पंचनामे झाले, मदतीचे धनादेश निघाले. मनाचं काय, हा प्रश्न प्रत्येक वेळी चार-आठ दिवस बोलला गेला आणि पाण्याबरोबर ओसरला.

मनाचं ऐकणारा माणूस लागतो, हे आता सगळे म्हणतात. तो माणूस येतो कुठून, त्याला कोण घडवतं, किती वर्षांत घडवतं, हे कुणी सांगत नाही. या प्रश्नालाही इतिहास आहे. त्यातली सर्वांत चमत्कारिक आणि आपल्या परंपरेला सर्वांत ओळखीची वाटेल अशी वाट मनोविश्लेषकाची आहे, म्हणून तीच निवडली.

आधी स्वतः पेशंट

डॉक्टर व्हायला आधी आजारी पडावं लागत नाही, वकील व्हायला आधी आरोपी व्हावं लागत नाही. मनोविश्लेषक व्हायचं असेल तर मात्र आधी स्वतः कोचावर आडवं होऊन दुसऱ्या विश्लेषकापुढे आपलं मन उघडं करावं लागतं. तेही दोन-चार भेटींत नाही. आठवड्यातून तीन ते पाच वेळा, एका वेळी पाऊण तास किंवा थोडा जास्त, आणि हे कित्येक वर्षं. आठवड्याला चार भेटी, वर्षाचे पंचेचाळीस आठवडे आणि चार वर्षं एवढा साधा हिशेब धरला तरी ७२० भेटी होतात.

हा नियम पहिल्या दिवसापासून नव्हता. सिग्मंड फ्रॉइड यांनी स्वतःच्याच स्वप्नांचा अभ्यास करून स्वतःचं विश्लेषण केलं. त्यांना दुसरा कोणी मिळणं शक्यच नव्हतं. १९१० साली त्यांनी मांडलं की विश्लेषकाच्या स्वतःच्या मनातल्या गाठी त्याला जिथवर जाऊ देतात, तिथवरच तो रुग्णाबरोबर जाऊ शकतो. त्या वेळी त्यांनी सांगितलेला उपाय स्वतःच्या परीक्षणाचा होता. दोनच वर्षांनी, १९१२ मध्ये, झुरिकच्या मंडळींची कल्पना त्यांनी उचलून धरली: हे परीक्षण दुसऱ्या जाणकाराकडूनच करून घ्यावं. १९१८ साली बुडापेस्टच्या परिषदेत हर्मन नुनबर्ग यांनी हा नियम सर्वांना लागू करावा असं सुचवलं. १९२० मध्ये बर्लिनमध्ये माक्स आयटिंगॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दवाखाना उघडला. ज्यांच्याकडे पैसे नाहीत त्यांनाही तिथे उपचार मिळत आणि तिथेच नव्या विश्लेषकांचं शिक्षण होई. १९२५ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेने शिक्षणासाठी स्वतंत्र मंडळ नेमलं.

बर्लिनमध्ये जी पद्धत बसली तीच थोड्या फरकाने आजही जगभर चालते. तिचे तीन पाय आहेत. पहिला, उमेदवाराचं स्वतःचं विश्लेषण. दुसरा, सिद्धांताचा अभ्यास. तिसरा, देखरेखीखाली घेतलेले रुग्ण. उमेदवार रुग्णाला भेटतो आणि त्या भेटीत काय बोलणं झालं, आपण कुठे गप्प राहिलो, कुठे घाई केली, हे सगळं दर आठवड्याला एका अनुभवी विश्लेषकापुढे मांडतो. अनेक संस्थांत आणखी एक गोष्ट करून घेतात. लंडनमध्ये एस्थर बिक यांनी १९४८ मध्ये ती सुरू केली. उमेदवाराने एखाद्या घरी दर आठवड्याला जाऊन तासभर एका तान्ह्या बाळाला फक्त पाहायचं. सल्ला द्यायचा नाही, बाळाला उचलायला धावायचं नाही, टिपणंही घरी गेल्यावर लिहायची. हे वर्ष-दोन वर्षं चालतं. समोरच्याचं दुःख पाहून लगेच काहीतरी करायची जी खोड आपल्या सगळ्यांना असते, तिला लगाम घालायला शिकवण्याचा हा प्रकार आहे.

यासाठी डॉक्टर असणं गरजेचं आहे का, यावरही मोठा वाद झाला. १९२६ मध्ये व्हिएन्नात थिओडोर राइक या डॉक्टर नसलेल्या विश्लेषकावर वैदूगिरीचा आरोप ठेवला गेला, तेव्हा फ्रॉइड यांनी त्यांच्या बाजूने एक पुस्तकच लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की वैद्यकीची पदवी असून मनाचं शिक्षण न घेतलेला माणूसच इथे खरा वैदू ठरतो.

सिलसिला

आपल्या वाचकांना यात नवल वाटू नये. सूफी परंपरेत मुरीद झाल्याशिवाय कोणी पीर होत नाही. पीराच्या हाताखाली वर्षानुवर्षं काढल्यावर तो इजाजत देतो, मग मुरीद इतरांना मुरीद करून घेऊ शकतो. प्रत्येक सिलसिल्याला आपला शजरा असतो, कोण कोणाचा मुरीद हे त्यात क्रमाने सांगितलेलं असतं. मनोविश्लेषकांचंही तसंच आहे. तुमचं विश्लेषण कोणी केलं, त्यांचं कोणी केलं, असं विचारत गेलं की बहुतेक साखळ्या व्हिएन्ना, बर्लिन किंवा बुडापेस्टला जाऊन पोचतात.

इमाम गझाली यांनी 'इह्या उलूमुद्दीन'मध्ये नफ्सच्या तालमीवर लिहिताना विचारलं आहे की माणसाला स्वतःचे दोष कळावेत कसे. त्यांनी चार मार्ग दिले आहेत: जाणत्या शेखच्या सहवासात बसावं, खऱ्या मित्राला आपल्यावर नजर ठेवायला सांगावं, शत्रू काय बोलतो ते ऐकावं, आणि लोकांत मिसळून त्यांच्यात जे खटकतं ते आपल्यात शोधावं. यातल्या एकाही मार्गात माणूस एकटा नाही. स्वतःला स्वतःचं दिसत नाही, दुसरा लागतो, ही या विचाराची पायरी आहे. फ्रॉइड यांना १९१० ते १९१२ या दोन वर्षांत ज्या पायरीवर यावं लागलं, तीच ही.

मराठी मुलखात हा सिलसिला धर्माच्या कुंपणाबाहेरही गेला. परंपरा सांगते की दौलताबादचे कादरी सूफी चांद बोधले हे एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी यांचे गुरू, आणि श्रीगोंद्याचे शेख महंमद यांचेही. शेख महंमदांच्या 'योगसंग्राम' या ग्रंथाच्या नावातच संग्राम आहे, आणि तो बाहेरच्या शत्रूशी नाही, आतल्या विकारांशी आहे. मनाचं शिक्षण गुरूच्या पुढ्यात बसून घ्यायचं असतं, हे मराठी माणसाला शिकवायला व्हिएन्नाची गरज नव्हती.

पण साम्य ताणू नये. पीर वाट दाखवतो, काय करावं ते सांगतो, आणि तो ज्या मुक्कामाकडे नेतो तो ईश्वराचा असतो. विश्लेषक काय करावं ते सांगत नाही, मुक्काम ठरवत नाही, आणि एके दिवशी नातं संपावं हाच त्याच्या कामाचा हेतू असतो. पीराची मुरीदावर माया असते आणि ती दिसते. विश्लेषक आपलं घर, आपली मतं, आपली दुःखं शक्य तितकी आड ठेवतो. एक श्रद्धेचा मार्ग आहे, दुसरा व्यवसाय आहे आणि त्याची फी असते. दोघांत सारखी गोष्ट एकच: जो स्वतः त्या वाटेने गेलेला नाही त्याने दुसऱ्याला त्या वाटेवर घेऊन जाऊ नये.

कलकत्त्याचा उवैसी

सूफी परिभाषेत उवैसी हा शब्द आहे. हजरत उवैस करनी यांना पैगंबरांची (स.) प्रत्यक्ष भेट झाली नाही, तरी त्यांना दुरूनच फैज मिळालं, असं मानतात. त्यावरून ज्याला समोर बसलेला पीर मिळाला नाही त्याला उवैसी म्हणतात. हिंदुस्थानातले पहिले मनोविश्लेषक गिरींद्रशेखर बोस हे या अर्थाने उवैसी होते.

बोस कलकत्त्याचे डॉक्टर. संमोहनाचा नाद होता, मानसिक रुग्ण पाहत होते. फ्रॉइड यांचं फारसं लिखाण हाती नसताना त्यांनी स्वतःची पद्धत बसवली. १९२१ साली दमनाच्या संकल्पनेवरचा त्यांचा प्रबंध कलकत्ता विद्यापीठाने डॉक्टरेटसाठी स्वीकारला. तो ग्रंथ त्यांनी फ्रॉइड यांना पाठवला आणि पत्रव्यवहार सुरू झाला. तो पुढे बरीच वर्षं चालला, दोघांची भेट कधीच झाली नाही. २२ जानेवारी १९२२ ला बोस यांच्या पारशीबागान लेनमधल्या घरी इंडियन सायकोअ‍ॅनॅलिटिकल सोसायटी स्थापन झाली. सुरुवातीचे सभासद १५, त्यांत कॉलेजात मानसशास्त्र आणि तत्त्वज्ञान शिकवणारे बरेच. त्याच वर्षी तिला आंतरराष्ट्रीय संघटनेची मान्यता मिळाली. युरोपातल्या अनेक देशांत अशी संस्था व्हायची होती, तेव्हा ती कलकत्त्यात होती.

बोस यांचं विश्लेषण कोणी केलेलं नव्हतं. बाकीच्यांना घडवण्याचं काम मात्र त्यांच्याकडे आलं. पहिल्या कडीला आधीची कडी नसते. फ्रॉइड यांचंही तेच होतं, म्हणून व्हिएन्नाला कलकत्त्यावर यावरून बोट ठेवता येत नव्हतं. बोस यांनी नुसती शागिर्दीही केली नाही. आपल्या हिंदी रुग्णांच्या मनातल्या गाठी युरोपातल्या रुग्णांसारख्या नाहीत, असं त्यांनी फ्रॉइड यांना स्पष्ट कळवलं. फ्रॉइड यांनी ते नम्रपणे ऐकलं आणि आपलं मत बदललं नाही. १९३१ मध्ये फ्रॉइड यांच्या पंचाहत्तरीला कलकत्त्याहून हस्तिदंती विष्णूची मूर्ती गेली, ती त्यांनी मेजावर ठेवली. भेट मेजावर आली, मुद्दा बाजूलाच राहिला, असं माझ्यातल्या इतिहासवाल्याला वाटतं. बोस यांनी १९४० मध्ये लुंबिनी पार्क हे मानसिक रुग्णालय काढलं. भावाने, म्हणजे प्रसिद्ध बंगाली लेखक राजशेखर बोस यांनी, त्यासाठी जागा दिली. सुरुवात तीन खाटांनी झाली.

साहेबाने न पाहिलेलं स्वतःचं मन

त्या पहिल्या सभासदांत दोन इंग्रज होते. एक लष्करी अधिकारी क्लॉड डेली, जे पुढे फ्रॉइड यांच्याकडे व्हिएन्नाला स्वतःच्या विश्लेषणासाठी गेले. दुसरे रांचीच्या युरोपियन वेड्यांच्या इस्पितळाचे प्रमुख ओवेन बर्कली-हिल. बर्कली-हिल यांनी १९२१ मध्ये आंतरराष्ट्रीय नियतकालिकात दोन लेख लिहिले. एकात सगळ्या हिंदू समाजाच्या स्वभावाचं मूळ त्यांनी मलविसर्जनाच्या बालपणीच्या वळणात शोधलं. दुसऱ्यात पैगंबरांच्या (स.) चरित्राचं आणि स्वभावाचं 'विश्लेषण' केलं. १९२५ मध्ये त्यांनी हिंदू-मुस्लिम ऐक्यावरही लिहिलं.

हे लेख वाचून चिडणं सोपं आहे. मला त्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो तो त्यांतला नियमभंग. मनोविश्लेषणाचा पाया असा आहे की समोर जिवंत माणूस हवा, त्याची संमती हवी, तो बोलेल, नाकारेल, चिडेल, आणि विश्लेषकाचा अर्थ त्याच्या उत्तरावर तपासला जाईल. तेरा शतकांपूर्वीचं चरित्र किंवा कोट्यवधींचा समाज कोचावर झोपू शकत नाही, 'हे खोटं आहे' असं म्हणू शकत नाही. शिवाय ज्या साहेबाने राज्य केलेल्या लोकांच्या मनाचा ठाव घेतला, त्याने राज्य करणाऱ्याच्या मनाचा, म्हणजे स्वतःच्या मनाचा, ठाव घेतलेला त्या लेखांत दिसत नाही. विश्लेषकाने आधी स्वतःकडे पाहावं हा नियम ज्या आजारासाठी केला होता, तो आजार इथे समोर दिसतो. आपल्याकडे आजही अमक्या धर्माची मानसिकता, तमक्या जातीची मानसिकता असं जे सर्रास लिहिलं जातं, ते याच जातीचं आहे. लिहिणारा हिंदू असो की मुसलमान, त्याला विचारावं: तुमचं कोणी ऐकलंय का?

सिलसिला पूर्ण केला म्हणजे माणूस सुरक्षित झाला, असंही नाही. १९२४ साली झेलमला जन्मलेले मसूद खान १९४६ मध्ये लंडनला गेले आणि तिथल्या संस्थेत विश्लेषक झाले. पाश्चात्त्य मनोविश्लेषणात एवढं नाव झालेला आपल्या उपखंडातला दुसरा मुसलमान नाही. त्यांचं विश्लेषण विनिकॉट यांच्यासारख्या नामवंताने केलं होतं, इतरांना घडवण्याचा अधिकार त्यांना मिळाला होता, लेखन अव्वल होतं. पण रुग्णांशी वागताना त्यांनी मर्यादा पुन्हा पुन्हा ओलांडल्या. १९७० च्या दशकात शिकवण्याचा अधिकार गेला, १९८८ मध्ये शेवटच्या पुस्तकातल्या ज्यूद्वेषी मजकुरानंतर सभासदत्व गेलं, पुढच्याच वर्षी ते वारले. ज्याला एकदा इजाजत मिळाली त्याच्यावर पुढे कोणाची नजर असते, हा प्रश्न तेव्हा त्या संस्थेपुढे होता. खानकाहीत तो शतकानुशतकं आहे. गादीवरच्या पीरजाद्याला कोण विचारणार?

मुंबईपर्यंत आणि तिथेच

आपल्या बाजूला हा मार्ग आला तो एका निर्वासितामुळे. एमिलिओ सर्वादिओ हे इटालियन मनोविश्लेषक. १९३२ साली रोममध्ये तिथली संस्था उभी करणाऱ्यांपैकी ते एक होते. १९३८ मध्ये मुसोलिनीने ज्यूंविरुद्ध कायदे केले आणि त्यांना देश सोडावा लागला. ते मुंबईत आले. युद्धाची वर्षं त्यांनी हिंदुस्थानात काढली, आणि मुंबईतल्या पहिल्या काही विश्लेषकांची घडण त्यांच्या हाताखाली झाली. युद्ध संपल्यावर ते परत गेले. कलकत्त्याची शाखा म्हणून मुंबईत काम चालू राहिलं, आणि १९७० च्या दशकापासून मुंबईत सायकोअ‍ॅनॅलिटिक थेरपी अँड रिसर्च सेंटर ही संस्था या विषयाचं शिक्षण देत आली आहे. याच काळात सुधीर कक्कर यांनी फ्रँकफर्टला शिक्षण घेऊन दिल्लीत काम सुरू केलं. त्यांनी पीर, ओझा, वैद्य, भगत यांच्याकडे जाऊन ते रुग्णाचं कसं ऐकतात हे गांभीर्याने पाहिलं आणि लिहिलं.

मुंबईहून महाड पावणेदोनशे किलोमीटर आहे. आमच्या तालुक्यांतली माणसं शंभर वर्षं ती वाट तुडवत आली: गिरणीत गेली, गोदीत गेली, बोटीवर गेली, पुढे आखातात गेली. मनोविश्लेषण मात्र मुंबईतून घाटाकडे कधी आलं नाही. पैसा आणि अंतर ही कारणं उघड आहेत. आठवड्याला चार भेटी पोलादपूरच्या माणसाला कशा जमणार? पण तिसरं कारण भाषेचं आहे आणि त्यावर कमी बोललं जातं. हे सगळं शिक्षण प्रामुख्याने इंग्रजीत चाललं. मनोविश्लेषण हा तर शब्दांचाच धंदा आहे. माणूस बोलताना कुठला शब्द चुकला, स्वप्नात कुठला शब्द आला, आईने लहानपणी काय म्हणून हाक मारली, त्यावर सगळं उभं आहे. आमच्या घरात आईला अम्मा म्हणतात की आय, यात फरक आहे. बोली कोकणी मुसलमानाची असो की मालुसऱ्यांच्या गावची, रडायचं असतं तेव्हा माणूस तिच्यातच रडतो.

शब्द नव्हते असंही नाही. कैरोमध्ये युसुफ मुराद आणि त्यांच्या सोबत्यांनी फ्रॉइड अरबीत आणला, तेव्हा नेणिवेसाठी त्यांनी 'लाशुऊर' हा शब्द घेतला, ज्याचा धागा इब्न अरबींच्या परिभाषेपर्यंत जातो. १९५८ मध्ये मुस्तफा सफवान यांचं स्वप्नविषयक ग्रंथाचं अरबी भाषांतर आलं. मराठीत तर 'जाणीव-नेणीव' ही जोडी संतांच्या काळापासून नांदते. नेणीव म्हणजे तेव्हा अज्ञान. आज मराठी मानसशास्त्रात तोच शब्द मनाच्या न कळणाऱ्या थराला वापरतात. शब्द घरात होता, तो वापरून काम करणारी माणसं घडवायची राहिली.

मराठीत जी मानसोपचाराची वाट खरोखर रुळली ती वेगळीच होती, आणि तिचीही गंमत आहे. अल्बर्ट एलिस हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मनोविश्लेषणाचंच शिक्षण घेतलेले. त्यातून बाहेर पडून त्यांनी १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. महाराष्ट्रात ती आणली कि. मो. फडके यांनी. त्यांनी एलिस यांच्याशी अनेक वर्षं पत्रव्यवहार करून ही पद्धत आत्मसात केली, मराठीत पुस्तकं लिहिली, लोकांना शिकवली. म्हणजे बोस यांच्यासारखेच तेही टपालाने शिकलेले. फरक एवढाच की बोस यांचं मंडळ इंग्रजीत प्रबंध लिहीत राहिलं, आणि फडक्यांनी कारकुनाला, शिक्षकाला, गृहिणीला कळेल अशा मराठीत लिहिलं. त्यामुळे फ्रॉइड मराठी साहित्याच्या समीक्षेत जास्त आणि दवाखान्यात कमी भेटतात, तर एलिस मराठी घराघरात पोचले.

आपल्या खोऱ्याला काय हवंय

मग महाड-पोलादपूरला मनोविश्लेषक हवेत का? चार-दोन झाले तर आनंद आहे, आणि आपल्या पोरापोरींतून कोणी या वाटेने गेलं तर समाजाने त्याच्या फीला हातभार लावावा, हेही म्हणतो. पण आकडे पाहिले की त्या वाटेची मर्यादा कळते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसलं की वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. ७२० भेटींतून घडलेला विश्लेषक आयुष्यात मोजक्याच माणसांचं ऐकू शकतो.

उपचार पोचत नाहीत तिथे लोक जिथे दार उघडं असेल तिथे जातात. दर्ग्यावर जातात, भगताकडे जातात. त्यांची थट्टा करणं मला पटत नाही. दर्ग्याच्या ओट्यावर निदान कोणी घड्याळ लावून उठवत नाही. पण ६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूतल्या एरवाडीला दर्ग्याजवळच्या खाजगी आश्रयगृहात आग लागली, आणि साखळदंडांत बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. हे विसरून श्रद्धेचं कौतुक करता येत नाही. तिथे सांभाळणारे होते. त्यांना कोणी शिकवलेलं नव्हतं, आणि त्यांच्यावर कोणाची नजरही नव्हती.

या दोन टोकांच्या मधली वाट आपल्या शेजारी गोव्यात घालून झाली आहे. १९९६ मध्ये सुरू झालेल्या संगत या संस्थेने डॉक्टर नसलेल्या, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना समुपदेशक म्हणून तयार केलं. प्राथमिक आरोग्य केंद्रात येणाऱ्या नैराश्याच्या रुग्णांशी त्यांनी कोकणी-मराठीत सहा ते आठ भेटींत काम केलं. त्याचा फायदा झाला, हे रीतसर चाचणीत दिसलं आणि 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. ही पद्धत मनोविश्लेषणाची नाही, तिचा सिद्धांत वेगळा आहे. पण तिच्या शिक्षणातला एक भाग पाहिला तर बर्लिनची आठवण येते. हे समुपदेशक आपल्या भेटींचं ध्वनिमुद्रण एकत्र बसून ऐकत, एकमेकांना गुण देत, कुठे घाई झाली, कुठे उपदेश झाला ते बोलत. देखरेखीचा तो तिसरा पाय त्यांनी स्वस्त केला, गावात आणला, आणि तज्ज्ञाच्या जागी सोबत्यांना बसवलं. गझालींच्या चार मार्गांतला दुसरा मार्ग, खऱ्या मित्राचा, तो हाच.

आमच्याकडे मयतीच्या घरी शेजारी जेवण आणतात, दहावा-तेरावा होतो, चाळिसावा होतो, इद्दत पाळली जाते. फ्रॉइड यांनी १९१७ मध्ये शोकावर लिहिताना म्हटलं की शोक हे मनाचं कष्टाचं काम आहे, त्याला वेळ लागतो. आपल्या रिवाजांनी तो वेळ बांधून दिलाच आहे. पण दरडीखाली अख्खी वाडी जाते तेव्हा जेवण आणणारा शेजारीही गेलेला असतो. तेव्हा रिवाज पुरे पडत नाहीत, शिकलेली माणसं लागतात. ती आधीच गावात असावी लागतात. पूर आल्यावर पनवेलहून गाडीत बसवून आणून भागत नाही, कारण तेव्हा रस्ताच बंद असतो.

म्हणून मशिदीच्या जमातींना, गावकीच्या मंडळांना आणि ग्रामपंचायतींना माझं सांगणं आहे. प्रत्येक मोठ्या गावातून दोन माणसं निवडा, एक बाई आणि एक पुरुष. आशाताई असेल, शाळेतला शिक्षक असेल, मौलाना असेल, बोटीवरून निवृत्त होऊन आलेला खलाशी असेल. गोव्यासारखं शिक्षण त्यांना मिळावं म्हणून जिल्हा रुग्णालयाकडे मागणी करा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून देशात आहे, मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ चा आहे, मागायला आधार आहे. महिन्यातून एकदा या माणसांनी एकत्र बसून आपापलं काम एकमेकांपुढे मांडावं, ही अट घाला.

आणि निवडलेल्या माणसांचं आधी ऐकून घ्या. या खोऱ्यात असा माणूस शोधून सापडणार नाही ज्याचं २००५ मध्ये, २०१६ मध्ये, २०२० मध्ये किंवा २०२१ मध्ये कोणी गेलं नाही, निदान ओळखीचं. दुसऱ्याचं ऐकायला बसण्याआधी त्याला आपलं सांगायला जागा मिळायला हवी. ७२० भेटी देता येणार नाहीत, दहा तरी देता येतील. पुढचा पावसाळा यायच्या आत हे सुरू करता येईल इतकं ते लहान काम आहे.